चाळिशीत नोकरी आणि मुलं सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी: सीईटी द्यावी का?

करारनामा विचारते:

वय ४२. बी.कॉम. २००४, ५१ टक्के. खासगी कंपनीत खरेदी विभागात आहे. पुरवठादारांचे करार, दंडाची कलमं, वादाची पत्रं हेच रोजचं काम. ऑफिस दहा ते साडेसहा, जायला पाऊण तास. मुलगी जूनमध्ये आठवीत जाईल, मुलगा तिसरीत. नवरा महिन्यातले आठ-दहा दिवस फिरतीवर असतो.

तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी द्यायचा विचार आहे. वयाची अडचण येते का? हजेरी खरोखर किती लागते? आणि शेवटी त्या पदवीचं मला काय करता येईल? 'शिकायला वय नसतं' हे सगळ्यांनी सांगून झालंय. हिशोब हवा आहे.

---

रोजनामा:

ताई, प्रश्नांचा क्रम उलटा करा. तिसरा आधी सोडवा, कारण पहिल्या दोघांची उत्तरं त्यावर ठरतात. तुम्हाला सनद (वकिलीचा परवाना) हवी आहे की नुसती पदवी?

दोन्हींत फरक मोठा आहे. पदवी विद्यापीठ देतं. सनद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा देतं, आणि ती नोकरीत असताना मिळत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणारा माणूस कुणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर असू शकत नाही. नावनोंदणीच्या अर्जात तसं लिहून द्यावं लागतं. नोकरी सोडली असेल तर कार्यमुक्तीचं पत्र जोडावं लागतं. सनद घेतल्यावर पुन्हा नोकरी धरली तर कळवून ती स्थगित करून घ्यायची. 'नोकरीही चालू, शनिवारी कोर्टही' असं काही नसतं. एका डॉक्टरांनी वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून सनद मागितली होती, तीही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली नाकारली (हनिराज चुलानी प्रकरण, आपल्याच राज्याच्या बार कौन्सिलविरुद्ध). कायद्याचं अर्धवेळ अध्यापन चालतं, तेही दिवसाला तीन तासांपर्यंत.

म्हणजे तुमच्यासमोर दोन वाटा. एक, पदवी घेऊन त्याच कंपनीत किंवा दुसरीकडे लीगल, करार, कम्प्लायन्स अशा विभागात जाणं. त्यासाठी बहुतेक ठिकाणी सनद लागत नाही. दोन, पंचेचाळिशीत नोकरी सोडून कोणाकडे तरी ज्युनिअर म्हणून उभं राहणं. पहिली वाट महाग आहे ती वेळेच्या हिशोबात. दुसरी पैशाच्याही.

वयाचं थोडक्यात. प्रवेशाला कमाल वयाची अट आज नाही. बार कौन्सिलने ती आणायचा प्रयत्न केला होता, ३० वर्षांची. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्या परिपत्रकाला स्थगिती दिली. सनदेलाही नाही. ४५ वर्षांवरच्यांना नावनोंदणी नाकारणारा एक नियम होता, तो १९९५ मध्येच रद्द ठरला. अजूनही 'पंचेचाळीसनंतर सनद नाही' असं छातीठोक सांगणारे भेटतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर मात्र ते काढून टाका. कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानंतर तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे, आणि वयोमर्यादा त्याआधीच उलटलेली असेल. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला सात वर्षांची वकिली लागते. ४२ मध्ये तीन आणि सात मिळवा, उत्तर समोर आहे.

---

सकाळसत्र:

हजेरीचं मी सांगतो. बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

नियम ७० टक्क्यांचा आहे, पण तो प्रत्येक विषयाला वेगळा मोजतात. एखाद्या विषयात कमी पडलात तर अपवादात्मक कारण असेल तेव्हा प्राचार्य परवानगी देऊ शकतात, पण तिथेही त्या विषयात किमान ६५ आणि सगळे विषय मिळून ७० टक्के लागतात. देऊ *शकतात*, द्यायलाच हवी असं नाही.

आता आकडे. सत्र किमान १५ आठवड्यांचं, आठवड्याला किमान ३० तास, त्यातले २४ तास व्याख्यानांचे. सहा दिवसांत वाटले तर रोज चार तास व्याख्यानं, शिवाय ट्युटोरियल आणि मूट (नकली खटल्यात युक्तिवादाचा सराव). ९० दिवसांतले २७ दिवस चुकवता येतात असं कागदावर दिसतं, म्हणून लोक निर्धास्त होतात. गंमत पुढे आहे. सकाळचं सत्र आठ ते बारा आहे आणि ऑफिसने पावणेअकरापर्यंत यायची सवलत दिली असं धरा. तुम्ही रोज दहाला निघता. पहिले दोन तास पूर्ण, एकही खाडा नाही. पण तिसऱ्या-चौथ्या तासाला जे विषय आहेत, त्यांत हजेरी शून्याजवळ. एकूण सरासरी ५० टक्के, आणि दोन विषयांच्या परीक्षेलाच बसता येत नाही. रोज थोडं लवकर निघणं हे आठवड्यातून एक दिवस अख्खी दांडी मारण्यापेक्षा जास्त महागात पडतं.

त्यामुळे फी विचारायच्या आधी कॉलेजकडून मागच्या वर्षाचं वेळापत्रक मागा. पहिल्या वर्षाचं एकट्याचं नको, तिन्ही वर्षांचं घ्या. कित्येक ठिकाणी पहिलं वर्ष सकाळी आणि तिसरं दुपारी असतं. विषय दिवसागणिक फिरते आहेत का हेही बघा. फिरते असतील तर तुमचा तोटा सगळ्या विषयांत सारखा वाटला जातो आणि ते बरं असतं. 'संध्याकाळचं कॉलेज आहे' असं कुणी सांगितलं तर व्याख्यानं किती वाजता संपतात ते विचारा. नोकरदारांना सोयीची रात्रीची कॉलेजं पूर्वी होती, आता वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सातच्या मर्यादेत बसवायचे असतात.

दुसरं म्हणजे, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानंतर विद्यार्थ्याने नोकरी करत असल्याचं जाहीर करावं लागतं आणि मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. बायोमेट्रिक हजेरी, सीसीटीव्ही हेही त्यातच आलं. ना-हरकत पत्रात 'आमची हरकत नाही' एवढंच लिहून घेऊ नका. कामाची वेळ किती ते किती, आणि ती कॉलेजच्या वेळेला छेदत नाही, हे त्यात असू द्या. एचआर मोघम पत्र पटकन देतं. पुढे नावनोंदणीच्या वेळी कागद तपासले गेले तर मोघम पत्राचा उपयोग नसतो.

---

बिनधास्त_७७:

एवढं कुणी बघत नाही हो. हजेरी मॅनेज होते. सगळे करतात.

---

सकाळसत्र:

@बिनधास्त_७७ एके काळी होत असेल. आता एखाद्या दिवशी ऑफिसच्या पंचिंगमध्ये ९.५५ आणि कॉलेजच्या पंचिंगमध्येही ९.५५ दिसलं तर त्याचं स्पष्टीकरण सनदेच्या अर्जावर सही करताना द्यायचं आहे, आणि ती सही शपथेवर असते. बावीस वर्षांच्या मुलाचं एक वर्ष जाईल. ताईंची नोकरीही त्यात ओढली जाईल.

दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये केवळ हजेरीवरून परीक्षा अडवू नये असं म्हटलंय हे खरं. त्याच्या भरवशावर आपल्याकडे तीन वर्षांची आखणी करू नका.

---

मुद्रांक:

कागदपत्रांकडे आत्ताच लक्ष द्या. ज्यांची पदवी वीस वर्षांपूर्वीची आहे ते सीईटीत अडत नाहीत, अर्जात अडतात.

पात्रता सोपी आहे: कोणत्याही शाखेची पदवी, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. तुमचे ५१ आहेत, प्रश्न मिटला. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण बारावी न करता थेट पूर्वतयारीच्या वाटेने पदवी घेतलेल्यांना चालत नाही. हे इथे वाचणाऱ्या इतरांसाठी.

अडतं ते नावावर. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि मधला दुवा कुठेच नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्हींपैकी एक हाताशी हवं. राजपत्राला वेळ लागतो, म्हणून ते काम आधी. मग गुणपत्रिका सगळ्या वर्षांच्या. फक्त शेवटच्या वर्षाची जपून ठेवलेली असते आणि दुय्यम प्रत काढायला विद्यापीठात खेटे घालावे लागतात. कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन, शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. आरक्षणातून अर्ज असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर. नॉन-क्रीमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपते हे विसरून जुनंच अपलोड करणारे दर वर्षी असतात.

सीईटीचा बाऊ करू नका. दोन तास, बहुपर्यायी, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही. विषय चार: कायदेविषयक कल, सामान्य ज्ञान, तर्क, इंग्रजी. तुम्हाला वेळ खाणारं सामान्य ज्ञान असेल. गुण त्याच वर्षापुरते चालतात, त्यामुळे 'यंदा देऊन ठेवते, पुढच्या वर्षी बघू' असं होत नाही.

खरा निर्णय कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पसंतीक्रमात आहे. नामांकित कॉलेज वर टाकायचा मोह होतो. तुम्ही घर, कॉलेज आणि ऑफिस या तिघांचा नकाशा काढा. घर ते ऑफिस या वाटेवरचं मध्यम कॉलेज हे उलट दिशेच्या मोठ्या कॉलेजपेक्षा तुमच्यासाठी चांगलं. रोजची चाळीस मिनिटं वाचली तर आठवड्याला चार तास, आणि अभ्यासाला तुम्हाला तेवढेच सापडणार आहेत. फेऱ्या लांबल्या तर पहिलं सत्र आखडतं, सुट्ट्या उडतात; दिवाळीचा बेत त्या हिशोबाने करा.

---

करारनामा:

सगळ्यांचे आभार. @रोजनामा, नोकरी सोडायची नाही. लीगलमध्ये जायचं आहे. मग सनद नसेल तर तीन वर्षं घालवण्यात अर्थ आहे का? आणि मुलीची दहावी नेमकी माझ्या तिसऱ्या वर्षात येते, त्याचं काय करू?

---

रोजनामा:

अर्थ आहे का, हे तुमच्या कंपनीला विचारून ठरवा, आणि तेही सीईटीआधी. लीगलच्या प्रमुखाला थेट प्रश्न: एलएलबी झालेल्या पण सनद नसलेल्या माणसाला तुम्ही विभागात घ्याल का, कोणत्या पातळीवर? मग बाहेरच्या दहा-पंधरा जाहिराती काढा आणि पात्रतेची ओळ शब्दशः वाचा. 'एलएलबी' एवढंच असेल तर तुम्ही बसता. 'वकिलीचा अमुक वर्षांचा अनुभव' असेल तर नाही. बँका आणि सरकारी उपक्रमांच्या विधी अधिकारी पदांना ती अट बऱ्याचदा असते.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी ताज्या पदवीधराकडे नसते. करार मोडतो तेव्हा नेमकं काय होतं, हे तुम्ही रोज बघता. उशिराच्या पुरवठ्याचा दंड वसूल करताना पुरवठादार काय युक्तिवाद करतो हे माहीत असणाऱ्याला करार कायद्याचं कलम ७४ (करारात ठरवलेल्या दंडाबद्दलचं) समजावून सांगावं लागत नाही. फक्त लीगलमधला पगार आजच्या तुमच्या पगाराहून कमी असू शकतो, कारण तिथे तुमची खरेदीची वर्षं पूर्ण मोजली जात नाहीत. तो आकडा आधी काढा.

आणि गरज फक्त ज्ञानाची असेल, पदवीची नसेल, तर एलएलबी हा फार लांबचा वळसा आहे. कामगार कायदे किंवा करविषयक कायद्यांची एक वर्षाची पदविका काही विद्यापीठांत असते. ती करून वर्षभरात कळतं की आपल्याला हे वाचन झेपतं का, आवडतं का. पदविकेवरून सनद मिळत नाही, हे सांगायला नको.

पुढेमागे कोर्टात जावंसं वाटलं तर दार बंद नाही. पदवी शिळी होत नाही. नोकरी सोडाल तेव्हा नावनोंदणी करा, मग ऑल इंडिया बार परीक्षा: १०० प्रश्न, मराठीतूनही देता येते, टिपण नसलेला बेअर अॅक्ट (कायद्याच्या मूळ मजकुराचं पुस्तक) सोबत नेता येतो, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात. नावनोंदणीचं शुल्क खुल्या प्रवर्गाला ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला स्पष्ट केलंय. अनुसूचित जाती-जमातींना १२५. मुद्रांक वेगळा.

मात्र ज्युनिअरशिपचे पैसे घरखर्चात धरू नका. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन सुचवलं, पण ती सूचना आहे, सक्ती नाही. वर्षभराचा घरखर्च वेगळा ठेवल्याशिवाय नोकरी सोडायची नाही.

---

पुरवणी:

अभ्यासाचं आणि दहावीचं मी सांगते.

दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तुमची सहाव्या सत्राची परीक्षा त्यानंतर. थेट टक्कर कमी. टक्कर होते ती पाचव्या सत्राची, मुलीच्या सराव परीक्षांशी. आणि त्याच वर्षात प्रात्यक्षिकाचे पेपर आले की वह्या, मूट, कोर्टाच्या भेटी हे सगळं दिवसा करायचं काम डोक्यावर येतं. उपाय एकच: पहिल्या चार सत्रांत काहीही मागे ठेवायचं नाही. बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश देत नाहीत. एटीकेटी (राहिलेले विषय) घेऊन तिसऱ्या वर्षाच्या उंबऱ्यावर आलात तर दहावीचं वर्ष अवघड जाईल.

इंटर्नशिपचा हिशोबही आत्ता करा. तीन वर्षांत किमान १२ आठवडे, सलग चारपेक्षा जास्त नाही, आणि एकदा तरी वकिलाकडे काम केलेलं असायला हवं. म्हणजे दर वर्षी चार आठवडे. तुमची अर्जित रजा इथे जाणार. मुलांची मे महिन्याची सुट्टी आणि तुमची इंटर्नशिप एकाच रजेवर डोळा ठेवून असतात, हे घरात आधी बोलून घ्या. कंपन्यांमध्ये आणि विधी फर्ममध्येही इंटर्नशिप चालते. स्वतःच्या कंपनीच्या लीगलमध्ये करता आली तर कॉलेजला आधी लेखी विचारा.

पुस्तकं जुनी घेऊ नका. इतर विषयांत सेकंडहँड चालतं, इथे घात होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत, कलमांचे क्रमांक बहुतेक सगळे बदलले. खून पूर्वी ३०२, आता १०३. ग्राहक संरक्षणही २०१९ चं हवं, १९८६ चं नको. आधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कायद्यानेच चालतात, म्हणून कोर्टात दोन्ही आकडे ऐकू येतील. परीक्षेत नवा लिहायचा आणि निवाडा जुना असेल तर कंसात जुनं कलम.

उत्तर लिहिण्यात नोकरदार मागे पडतात, आणि विषय न कळल्यामुळे नव्हे. वीस वर्षं कीबोर्डवर काढल्यावर सलग तीन तास हाताने लिहवत नाही. दुसऱ्या तासाला अक्षर जातं, शेवटचे दोन प्रश्न अर्धे राहतात. पहिल्या सत्रापासून रविवारी एक तास घड्याळ लावून लिहा. आधी एक प्रश्न, मग दोन, परीक्षेच्या महिन्यात पूर्ण पेपर.

उत्तराचा सांगाडा ठरलेला ठेवा. अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व्यक्तीचा करार हा प्रश्न घ्या. पहिल्या ओळीत करार कायदा १८७२, कलम १० आणि ११. मग घटक: वय, मनाची स्थिती, कायद्याने अपात्र नसणं. मग मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा १९०३ चा निवाडा, तीन ओळींत: तथ्य, प्रश्न, निर्णय. मग अपवाद: गरजेच्या वस्तूंसाठी कलम ६८. शेवटी प्रश्नातल्या प्रसंगाला ते लावून दाखवा. खरेदी विभागातली माणसं अनुभवावर दोन पानं लिहितात आणि कलम लिहायचं विसरतात. तपासणारा कलम आणि निवाडा शोधत असतो.

मराठीतून लिहू का इंग्रजीतून? पुणे, मुंबई दोन्हीकडे मराठी चालतं. कंपनीतच राहायचं असेल तर इंग्रजी घ्या, करार इंग्रजीत असतात. तालुका-जिल्हा कोर्टाचा विचार असेल तर मराठी. तिथे दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), पुरसिस (पक्षकाराचं लेखी निवेदन) सगळं मराठीत चालतं, आणि इंग्रजीत शिकलेले तिथे पहिले सहा महिने चाचपडतात.

रोजचा अभ्यास घरी कमीच होईल हे गृहीत धरा. नवरा फिरतीवर असलेल्या आठवड्यात शून्य धरा. वर्गात बसलेले तास वाया न घालवणं हाच नोकरदाराचा अभ्यास: व्याख्यान चालू असताना बेअर अॅक्ट उघडा ठेवायचा आणि समासात निवाड्याचं नाव लिहायचं. परीक्षेआधीच्या पंधरवड्यात तेच पुस्तक टिपण म्हणून वापरायचं. फक्त ही लिहिलेली प्रत बार परीक्षेला नेता येणार नाही, तेव्हा कोरी घ्या.

---

करारनामा:

@पुरवणी, कोर्टाच्या भेटींचं नीट कळलं नाही. रजा किती धरू?

---

पुरवणी:

मूटच्या पेपरला तीन मूट ३० गुणांना, एक दिवाणी आणि एक फौजदारी अशा दोन खटल्यांचं निरीक्षण ३०, पक्षकाराच्या मुलाखती आणि दाव्याच्या तयारीची नोंद ३०, तोंडी १०. निरीक्षण म्हणजे कोर्टात जाऊन बसणं नाही; वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे टप्पे बघून लिहायचे असतात. लोक कोणत्याही दिवशी जातात, तारीख पडते, अर्धी रजा फुकट. ई-कोर्ट्सच्या अॅपवर त्या न्यायालयाची रोजची यादी उघडा, प्रकरणासमोर टप्पा लिहिलेला असतो. 'साक्षीपुरावा' किंवा 'युक्तिवाद' असेल त्याच दिवशी जा, तेही अकराच्या आधी. न्यायाधीश साहेब रजेवर आहेत का हे आदल्या दिवशी तिथल्या एखाद्या वकिलाला विचारलेलं बरं. असं केलं तर सहा अर्ध्या रजांत दोन्ही खटले होतात, नाहीतर दहाही पुरत नाहीत.